भिंतीवरचा दादा

छापखाना बंद पडला तेव्हा मशीनमनचं वय असं होतं, की नवं काम मागायला जावं तर लोक आधी त्याच्या केसांकडे बघायचे आणि मग कामाचं विचारायचेच नाहीत. ऑफसेट मशीनवर त्याचं अर्धं आयुष्य गेलं होतं. नखांच्या कडांना बसलेली शाई काही केल्या निघत नव्हती, आणि खरं सांगायचं तर त्यालाही ती काढायची घाई नव्हती. दुकानदार, शेजारीपाजारी, सगळे त्याला मशीनमनच म्हणत. मशीन भंगारात गेलं, नाव तेवढं मागे राहिलं.

अशा लोकांसाठी शहरात एक प्रशिक्षण केंद्र निघालं होतं. नवा धंदा शिकवायचा, फी योजनेतून भरायची, वर जेमतेम भागेल एवढा भत्ता द्यायचा आणि शेवटी प्रमाणपत्र. अट एकच होती, की माणूस नोकरीत असता कामा नये.

"ही एक परीक्षा मी अभ्यास न करता पास झालो," मशीनमन बायकोला म्हणाला. बायको हसली नाही.

त्याने लिफ्ट दुरुस्तीचा कोर्स घेतला. चष्मा लावून, जीव लावून शिकला. प्रमाणपत्र हातात पडल्यावर कंपन्यांचे उंबरठे झिजवले. एकीकडे अनुभव मागितला, दुसरीकडे वय विचारलं. तिसरीकडचा साहेब त्यातल्या त्यात भला होता. तो म्हणाला, "काका, शाफ्टमध्ये चढावं लागतं. उद्या तुम्हाला काही झालं तर निस्तरायचं कुणी?" शेवटी मशीनमन एका उंच इमारतीत वॉचमन म्हणून लागला. तिथली लिफ्ट अधूनमधून अडकायची. बिघाड कुठे असेल याचा त्याला अंदाज यायचा, पण लिफ्टला हात लावायचा नाही अशी मॅनेजरची सक्त ताकीद होती. तो कंपनीला फोन करायचा आणि वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांच्या पिशव्या जिन्याने चढवून द्यायचा.

प्रमाणपत्रं वाटली त्या दिवशी केंद्राने सगळ्यांचे फोटो काढले होते. पिवळं हेल्मेट एकच होतं. ते सगळ्यांच्या डोक्यांवरून फिरलं आणि बसलं मात्र मशीनमनच्या डोक्यावर. काही आठवड्यांनी बसथांब्यामागच्या भिंतीवर तो स्वतःलाच भेटला. माणसापेक्षा मोठा चेहरा, हातात पाना, आणि खाली ठसठशीत अक्षरं: 'पन्नाशीत नवी सुरुवात. आता पाळी तुमची!'

तो तडक केंद्राच्या मॅडमकडे गेला. मॅडम वाईट बाई नव्हत्या. त्यांनी त्याला खुर्ची दिली, चहा मागवला.

"मॅडम, तो फोटो काढून टाका. मी वॉचमन आहे."

"इमारतीत लिफ्ट आहे ना?"

"आहे की."

"मग आमच्या अहवालात तुम्ही लिफ्टच्या क्षेत्रात कामाला आहात." त्या हसल्या आणि मग आवाज उतरवून म्हणाल्या, "हे बघा काका, किती जण कामाला लागले ते वर दाखवलं नाही, तर पुढचा निधी थांबतो. केंद्राला टाळं लागलं तर कुणाचं भलं होणार आहे? तुम्हाला बघून लोकांना धीर येतो. उलट तुम्ही एकदा नव्या बॅचसमोर दोन शब्द बोला. आम्ही मानधन देऊ."

तो बोलायला गेला, तो जातच राहिला. प्रत्येक नव्या बॅचला पहिल्या दिवशी तो उभा राहायचा. छापखान्यात मशीनच्या धडधडीत त्याचं बोलणं कुणी ऐकलं नव्हतं. इथे चाळीसेक माणसं मान वर करून ऐकत बसायची, टाळ्या वाजवायची. मशीनमनला त्याची गोडी लागली. खोटं असं तो बोलत नसे. "आज माझा सगळा दिवस लिफ्टजवळ जातो," असं तो म्हणायचा. ऐकणारे काय समजायचं ते समजायचे.

"त्यांना धड सांगत का नाही?" बायको विचारायची.

"शिका म्हणतो. शिका म्हणणं काय पाप आहे?"

बाकीच्या नातेवाइकांना तर त्याने लिफ्टच्या कामाला लागलो एवढंच सांगितलं होतं, आणि भिंतीवरच्या फोटोने उरलेलं परस्पर सांगून टाकलं होतं.

त्याच्या धाकट्या बहिणीला घरात चिमणी म्हणत. आईवडील लवकर गेले, तेव्हा ती परकर सावरत चालायची. मशीनमनने तिला खांद्यावर घेऊन वाढवलं, लग्न लावून दिलं. नवऱ्याने संसार अर्ध्यावर टाकला तेव्हा तोच तिला घरी घेऊन आला. पुढे चिमणीला एका इस्पितळाच्या धुलाईखात्यात काम मिळालं. चादरी, गाऊन, पडदे, दिवसभर इस्त्री. वाफेने तिच्या मनगटांवर डाग पडले होते, उन्हाळ्यात जीव नकोसा व्हायचा, पण नोकरी कायम होती. तिने वेगळी खोली घेतली, ताठ मानेने राहिली. भिंतीवर दादा झळकला तेव्हा तिने धुलाईखात्यातल्या बायकांना बसथांब्यावर नेऊन दाखवला होता.

एके सकाळी मशीनमन नेहमीसारखा बॅचसमोर उभा राहिला. छापखान्याचा किस्सा सांगितला, त्यावर लोक हसले. "भीती सगळ्यांना वाटते," तो म्हणाला, "पण हातातलं सोडल्याशिवाय नवं हातात येत नाही." हे वाक्य हमखास टाळ्या घ्यायचं. तेवढ्यात त्याची नजर खिडकीकडच्या रांगेत गेली. तिथे चिमणी बसली होती. इस्त्रीची साडी, मांडीवर नवी वही. तिने ओठांवर बोट ठेवून गप्प राहा अशी खूण केली आणि गालातल्या गालात हसली.

एक क्षण असा आला, की तो थांबू शकला असता. मॅडम दाराशी उभ्या होत्या. लोक वाट बघत होते. तो घोटभर पाणी प्यायला आणि त्याने उरलेलं भाषण, एकही शब्द न गाळता, पूर्ण केलं. टाळ्या झाल्या. सगळ्यात शेवटी थांबले ते चिमणीचे हात.

बाहेर व्हरांड्यात तिने त्याला गाठलं. "कसं चकवलं दादा तुला?"

"तू इथे कशी? सुट्टी टाकलीस?"

"सुट्टी कसली? राजीनामा दिला. नोकरीत असेल त्याला घेत नाहीत ना. रुग्ण-सहाय्यकाचा कोर्स घेतलाय मी. गरम इस्त्रीपेक्षा माणसांची सेवा बरी."

"अगं, मला विचारायचंस तरी!"

"तुला काय विचारायचं? तू तर भिंतीवर आहेस." आणि ती खळखळून हसली.

मशीनमन तिथून निघाला तो थेट इस्पितळाच्या धुलाईखात्यात गेला. तिथला मुकादम त्याला ओळखत होता.

"माझ्या बहिणीचा राजीनामा परत घ्या. तिची चूक झाली."

मुकादमाने हात पुसले. "आम्ही तिला दहादा म्हटलं, बाई, विचार कर. म्हणाली, माझ्या भावाने करून दाखवलंय. आता कायमची जागाच रद्द झाली. तिच्या जागी ठेकेदाराची माणसं आली. साहेब लोक तर वाटच बघत होते, एखादी जागा रिकामी होते कधी."

तो मॅडमकडे गेला. मॅडमनी कपाळाला हात लावला. त्यांना खरंच वाईट वाटलं. "तुमची बहीण आहे हे मला माहीत असतं तर..." त्या म्हणाल्या आणि वाक्य अर्ध्यावरच सोडलं. माहीत असतं तर काय, हे मशीनमननेही विचारलं नाही. बाकीच्या रांगांमध्येही कुणाच्या ना कुणाच्या बहिणी बसल्या होत्या.

सांगायचं कसं या विचारात त्याने बरेच दिवस घालवले. एका रविवारी दुपारी तो चिमणीच्या खोलीवर गेला. ती खिडकीशी बसून शरीराच्या हाडांची नावं पाठ करत होती. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. वॉचमनची नोकरी, उसनं हेल्मेट, मानधन. चिमणीने वही मिटली नाही. बोट ओळीवर तसंच ठेवून ती ऐकत राहिली.

"म्हणजे त्या दिवशी मी समोर बसले होते, तेव्हाही तुला हे सगळं माहीत होतं."

"हो."

"मला बघितलंस, आणि तरी बोलत राहिलास."

"माझी जीभच उचलेना, चिमणे."

"उचलत होती की. चांगली चुरूचुरू चालली होती." तिचा आवाज चढला नाही. "मी टाळ्या वाजवल्या दादा. हात दुखेपर्यंत वाजवल्या."

ती उठली, दार उघडून उभी राहिली. तो निघून आला.

पुढच्या बॅचला मशीनमनने खरं सांगून टाकलं. मी वॉचमन आहे, लिफ्टला हात लावायची मला परवानगी नाही, कोर्स चांगला आहे पण नोकरीची हमी कुणी देत नाही, कायम नोकरी असेल तर सोडू नका. मग मागून एक ड्रायव्हर उठला. "हे तुम्ही आज सांगता? आम्ही सोडून आलोय. आता काय करू आम्ही?" एक बाई रडायला लागली. दुसऱ्या एकाने त्याला शिवी हासडली. मॅडमवर कुणी चिडलं नाही, योजनेवर चिडलं नाही, कारण समोर तोच उभा होता. केंद्राने त्याला पुन्हा बोलावलं नाही, आणि काही दिवसांत भिंतीवर दुसऱ्या कुणाचा तरी चेहरा लागला. वर्ग मात्र पूर्वीसारखेच भरत राहिले.

चिमणी चांगल्या गुणांनी पास झाली. तिला कामही मिळालं, त्याच इस्पितळात, पण ठेकेदारामार्फत. जुन्या पगाराहून कमी पगार, आज आहे उद्याचा भरवसा नाही, आणि वॉर्डात दिवसभर पायपीट. तिने भावाला कळवलं नाही. वहिनीशी मात्र ती फोनवर बोलायची.

पुढच्या वर्षी वहिनीचं पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, तेव्हा चिमणी त्याच वॉर्डात होती. मशीनमन संध्याकाळी भेटायला आला, तर ती वहिनीचे केस विंचरत होती. किती हलक्या हाताने! उशी नीट केली, पाणी पाजलं, कानाशी वाकून काहीतरी बोलली, तशी बायको दुखणं विसरून हसली. हे काम तिला जमत होतं, आवडतही होतं. मशीनमनला एवढं बरं वाटलं की तो दोन पावलं पुढे आला.

"चिमणे, चहा आणू का तुझ्यासाठी?"

तिने वर बघितलं. चेहऱ्यावर राग नव्हता. रोज शंभर नातेवाइकांकडे बघावं तसं तिने बघितलं.

"भेटायची वेळ संपली," ती म्हणाली. "तुम्ही बाहेर बसा."

आयुष्यात पहिल्यांदाच ती त्याला 'तुम्ही' म्हणाली होती. बायकोने डोळे मिटून घेतले. मशीनमन बाहेर गेला आणि बाकावर बसून राहिला.