पाचवा लाडू

बाबा वाचले. बरं, हे आत्ता वाचलंत ते विसरा, तसं अजून काही झालेलंच नाही. बाबा अजून खातीपुऱ्याला, आमच्या रेल्वे क्वार्टरच्या गच्चीवर धडधाकट उभे आहेत, २००६ची संक्रांत आहे आणि आख्खं जयपूर पतंग उडवतंय.

दुपारचा चहा झाला आणि बाबांचा पतंग कटला. शेजारच्या गच्चीवरून "वो काटा!" झालं. एरवी बाबा मांजाच्या सात पिढ्या उद्धरतात. आज गप्प. मांजा उजव्या हातातून सुटला आणि मग बाबा पडले, सरकारी कामासारखे, टप्प्याटप्प्याने. मी टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे बाबांच्या नाटकांना टाळ्याच पडतात.

त्यांचं तोंड एका बाजूला वाकडं झालेलं दिसलं तेव्हा मी थांबले.

"शुगर उतरली!" आई ओरडली. तिचंही बरोबरच होतं. दिवाळीत मधुमेहाची गोळी घेऊन बाबा उपाशी राहिले आणि असेच आडवे झाले, तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, लगेच गोड द्या. आज तर तिळगुळाचं ताटच समोर होतं.

"घ्या हो, तिळगूळ घ्या," म्हणत आईने लाडू त्यांच्या तोंडात सारला.

हळदीकुंकवाला आलेल्या शेजारच्या भागुबाई मावशींना सवय आवरेना. "गोड बोला," त्या म्हणाल्या.

"काटा," बाबा म्हणाले.

"बोलले गं विमल! आणखी दे!"

चार लाडू गेले. वर मावशींचं साखरपाणी. दर घासाला बाबा "काटा" म्हणत होते आणि आम्हाला वाटत होतं, फरक पडतोय.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी बोट टोचलं, आकडा पाहिला, मशीन बदलून पुन्हा पाहिला. चारशेच्या वर.

"लकवा है. मीठा किसने दिया?"

आम्ही तिघी छताकडे बघायला लागलो, जणू पतंग तिथेच अडकलेत.

मग त्यांनी समजावलं. मेंदूतली एक रक्तवाहिनी बंद पडलीय. तिथे प्राणवायू नाही. अशा वेळी रक्तातली जास्तीची साखर धड जळत नाही, तिचं आम्ल होतं. ज्या पेशी वाचल्या असत्या, त्याही मग जातात.

"म्हणजे माझ्या लाडवांनी...?" आईने विचारलं.

"अशा झटक्यानेही साखर चढते, माताजी. लाडवांचा वाटा किती, कुणीच सांगू शकणार नाही."

आई तिथेच खाली बसली. पाचवा लाडू अजून आपल्या मुठीत आहे, हे तिला तेव्हा दिसलं.

आता बाबा चालतात, जेवतात. बोलायला मात्र एकच शब्द उरलाय. चहा म्हणजे काटा, आई म्हणजे काटा, मीही काटा. संक्रांतीला घरात तीळ येत नाहीत. भांडी घासता घासता आई मधेच विचारते, "उत्कर्षा, एकच दिला असता तर गं?"

बाबांनी जन्मभर रेल्वेत अर्ज लिहिले, म्हणून मीही रीतसर लिहिते: सदर संक्रांत कृपया दुपारच्या चहापर्यंत मागे घेण्यात यावी, आणि सौ. विमल शामराव हातातला पहिला लाडू खाली ठेवेपर्यंत ती यार्डातच उभी ठेवावी, ही नम्र विनंती.