लिंबू आणि सोडा

"आई, मोरीत काही मेलंय का हो?" सुनेने नाक दाबत विचारलं.

सासू उंबऱ्यातच थबकली. भर दुपारी तिच्या अंगावर काटा आला. या घरात कधी मासळी शिजली नव्हती, आणि वास तर नासक्या मासळीचा. आठ महिन्यांपूर्वी ज्याला स्मशानात पोचवून आले, तो तीस वर्षं हाच वास अंगावर घेऊन घरी येत असे.

"अहो..." तिच्या तोंडून निघून गेलं.

"कुणाला हाक मारताय?"

"तुझ्या सासऱ्याला. बादलीत काय बुडवलंस?"

"पेटीतला एप्रन. त्यांचे कपडे उद्या देऊन टाकायचेत, म्हणून धुण्याच्या सोड्यात..."

"विचारायला जीभ झिजते तुझी?"

तिचा नवरा प्रयोगशाळेत रसायनांच्या बाटल्या सांभाळायचा. तिने शाळा तिसरीत सोडली, पण अमाइन तिला पाठ होतं. हातांना लिंबू चोळत तो सांगायचा, "नायट्रोजनला तीन हात. तिन्हींत हायड्रोजन, तर अमोनिया. एकात मिथाइल आला की मिथाइल अमाइन, दोहोंत डाय, तिन्हींत ट्राय. हा नासका वास त्या ट्रायचा. हात भरले तरी इलेक्ट्रॉनांची एक जोडी मोकळीच. आम्ल दिसलं की झडप घालते."

"म्हणजे तुमची बहीणच."

तो पोटभर हसायचा. हातांचा वास तोवर गेलेला असे. "गेला नाही हं. मीठ होऊन गप्प बसलाय. सोडा लागला की उठेल."

त्याच्या शेवटच्या आठवड्यात त्याच ट्रायची बाटली फुटून एप्रनवर सांडली. त्याने लिंबं पिळून एप्रन वाळत घातला. धुवायचा राहिला तो राहिलाच.

आता बादलीत हवा भरलेली एक बाही वर आली होती, कोपरात वाकलेली.

"ओतून देते, आई."

"खबरदार!"

ओतलं की संपलं. नुसतं ठेवलं तरी वास उडून चाललेला. सासूने घरातली सगळी लिंबं कापून बादलीत पिळली. पाणी फसफसलं, कुणी दमून श्वास सोडावा तसं. बाही हळूहळू खाली बसली. वास विरत गेला.

"गेला?" सून कुजबुजली.

"गप्प बसलेत."

तिने एप्रन पाण्यासकट परातीत ओतला. थेंबही न सांडता चार दिवस सुकवला, मग काठीसारखा ताठ झालेला तो पेटीत निजवला. कपडे दिले, एप्रन नाही.

सोड्याचा डबा तेवढा तिने मोरीतून उचलला आणि आपल्या उशाशी ठेवला.