गप राहिल्याचा तुकडा

नाव वाघ्या आणि तोंडाला कुलूप. असं कुत्रं अख्ख्या आष्ट्यात कुणाकडं नसेल, ते माझ्या दारात होतं. त्याला तसं करणारे माझे धाकटे दीर लालासाहेब, पलटणीतून पाय अधू होऊन परत आलेले. आजही ते समोर आले की माझं डोकं तापतं.

त्रेचाळीस साल होतं. सरकारच्या तारा तोडल्या म्हणून माझ्या मालकांवर वॉरंट निघालेलं. ते उसात लपून राहत आणि चार-आठ दिवसांतून एकदा आमच्या मळ्यातल्या घरी जेवायला येत. अशात भावजींनी कोल्ह्यांपासून कोंबड्या राखायला दोन महिन्यांचं पिल्लू आणलं. ते पहिल्याच आठवड्यात मालकांवर भुंकलं. तो आवाज ऐकून कुणाला संशय आला असता, तर पोलीस दारात. झालं, भावजींनी त्याची शाळा काढली.

'बस' म्हटलं की बसायचं, 'ये' म्हटलं की यायचं, एवढं ते पटकन शिकलं. खरी शाळा पुढं होती. कुणीही दारात आलं आणि पिल्लानं तोंड उघडलं की भावजी ते तोंड मुठीत आवळत आणि 'गप' म्हणत. गप राहिलं की भाकरीचा तुकडा. तुकडा द्यायचं काम माझं, कारण भावजींच्या हातचं ते खाईना. तोंड आवळणाऱ्या हातातलं कोण खाईल?

"आवं भावजी, घरचं कोन, परकं कोन, एवढं तरी शिकवा त्याला," मी म्हणाले.

"वयनी, दादाकडं रोज नवं मानूस येतंय. कुत्र्याला काय कळनार? हुकूम एकच. कुनावर बी भुंकायचं न्हाई."

"मग कुत्रं कशाला? दगुड बांधा दारात."

"पलटनीत आसंच शिकवत्यात. तुमाला न्हाई कळायचं."

चूल फुंकणाऱ्या बाईला कसं कळणार? मी राग गिळला आणि तुकडे देत राहिले. खोटं कशाला सांगू, मालकांचा जीव त्या कुत्र्याच्या तोंडावर टांगलेला, म्हणून भावजींपेक्षा मीच जास्त नेटानं शिकवलं. निरोप आणणारा आकाराम, भाजीवाली बयाबाई, चुकलेली वाट विचारायला आलेला वाटसरू, जो येईल त्याच्यावर सराव झाला. दिवाळीपर्यंत वाघ्या पुरता तयार झाला. माणूस आलं की धावत जायचा, त्याच्यापुढं बसायचा आणि मान वळवून माझ्या हाताकडं बघायचा.

मार्गशीर्षातल्या एका दुपारी मालक आले. दोन दिवस पोटात काही नव्हतं. मी पितळीत भाकरी मोडून पावट्याची आमटी वाढली. भावजी मोटेवर होते. मागचं दार उघडं होतं आणि दारापासून दहा पावलांवर ऊस. वाघ्या एकदा जरी भुंकला असता, तरी मालक उसात शिरले असते.

त्यांनी पहिला घास उचलला आणि पुढच्या दारात सावली पडली. साध्या कपड्यांतले तिघे होते. मालक उठायच्या आत बंदुका घेतलेले चौघे मागच्या दारात आले. एवढं मोठं अंगण ओलांडून आले, पण आवाज नाही. वाघ्या उंबऱ्याजवळ बसून शेपटी हलवत होता.

"ऊठ, सयाजी," एक जण म्हणाला. मालक उष्ट्या हातानं उठले. त्यांनी हात धुवायला पाणी मागितलं, तेही दिलं नाही. जाताना एका पोलिसानं वाघ्याच्या डोक्यावरून हात फिरवला. "गुणी हाय कुत्रं," म्हणाला. मला त्या पोलिसाचा राग यायला हवा होता. आला तो भावजींचा, आणि त्याहून जास्त माझा स्वतःचा.

भावजी लंगडत पळत आले तेव्हा अंगण रिकामं होतं.

"वयनी, वाघ्या भुंकला न्हाई व्हय?"

"न्हाई," मी म्हणाले. "हुकूम एकच व्हता."

ते उंबऱ्यावर बसले. मी त्यांना पाणीसुद्धा विचारलं नाही.

वाघ्या माझ्यापुढं येऊन बसला. सात माणसं आली, त्यानं तोंड उघडलं नव्हतं. मी हात उगारला. तो घाबरला नाही, त्या हातानं त्याला कधी मारलंच नव्हतं. तो वाट बघत होता. मालकांच्या पितळीतली भाकरी तशीच होती. मी तिचा तुकडा मोडला आणि त्याच्यापुढं धरला.