हात पडू देऊ नका

फिजिओबाईंचा त्या चाचणीवर काडीचा विश्वास नव्हता. रुग्णाने हात समोर तिरका धरायचा, अंगठा जमिनीकडे, आणि आपण वरून दाबायचं. हात पडला तर खांद्याचा स्नायू फाटलेला, टिकला तर खांदा धड. इतकं सोपं असतं तर हवं काय होतं! सहा वर्षं त्या एका वहीत डावीकडे चाचणी आणि उजवीकडे नंतरचा स्कॅन लिहीत आल्या होत्या. चाचणीने धड ठरवलेले जे खांदे दुखणं वाढून पुढे स्कॅनला आले, त्यांतल्या दर तिनांत एक फाटका निघत होता. वही त्यांनी विभागाच्या साहेबांपुढे नेऊन ठेवली.

"फॉर्मवर दोनच चौकोन आहेत, बाई," साहेब म्हणाले. "पडला, नाही पडला." दुखतं का, हा प्रश्न त्यांनी फॉर्मवरून केव्हाच काढून टाकला होता. दुखतं तर सगळेच म्हणतात. पुढेपुढे बाईंनीही विचारायचं सोडलं.

मग इस्पितळाच्याच धुलाईखान्यातल्या मावशी आल्या. तीस वर्षं ओल्या चादरींची गाठोडी उचललेला खांदा. हात पडला तर स्कॅन आणि बसून करायचं काम, नाही पडला तर उद्यापासून पुन्हा गाठोडी.

"मी दाबते, तुम्ही हात पडू देऊ नका," बाई नेहमीप्रमाणे म्हणाल्या.

हात तसूभर हलला नाही. मावशींच्या कपाळावर घाम आला होता, पण खोलीत उकडतच होतं आणि बाहेर अकरा जण ताटकळले होते. बाईंनी दुसऱ्या चौकोनात खूण केली.

तीन आठवड्यांनी मावशी लेकीला धरून आल्या. गाठोडं उचलताना उरलासुरला स्नायूही तुटला होता. आधीच कळतं तर शिवता आला असता, असं सर्जन म्हणाले होते. आता हात खांद्याच्या वर जाणार नव्हता.

मेली ती चाचणी, असं बाईंच्या अगदी ओठांवर आलं होतं. तरी त्यांनी विचारलं, "त्या दिवशी दाबलं तेव्हा दुखलं नव्हतं?"

"जीव जायची पाळी आली होती."

"मग बोलला का नाहीत, मावशी?"

"तुम्हीच म्हणालात ना, पडू देऊ नका. मला वाटलं, पडला तर नापास करून घरी बसवतील. दात आवळून धरला." मावशी लेकीकडे वळल्या. "पडू दिला नाही मी."

त्या गेल्यावर बाईंनी वही उघडली. सगळ्या चुका चाचणीच्या नावावर होत्या. त्यातल्या एकूण एक माणसाला बाईंनी हेच वाक्य ऐकवलं होतं.