तिसरी ओढ

सन एकोणीसशे त्र्याऐंशी. एप्रिलचा शेवटचा रविवार, उन्हाळा चांगलाच तापलेला. त्या दिवशी सकाळी दहा वाजता मी चुकीच्या बाजूला गेलो.

मी रस्सीखेचीचा दोर बोलतोय.

तागाचा आहे. तीन पेडांचा, एकशे दहा फुटांचा. ज्या म्हाताऱ्याने मला वळलं त्याने तीन दिवस घेतले आणि त्या तीन दिवसांत कुणाशी बोलला नाही. काम असं करावं. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, असं लोक टोमण्याने म्हणतात. मी ते कौतुक समजतो.

मला अग्निशमन केंद्राने घेतलं. आग विझवायला नव्हे. वर्षातून एकदा केंद्राचे आठ जवान आणि समोरच्या बर्फाच्या कारखान्यातले आठ कामगार मला ओढायचे. ओढी तीन. दोन ज्याच्या, तो जिंकला. बाकीचं वर्ष मी बंबाशेजारी खुंटीवर. एकदा कुणीतरी माझ्यावर ओले गणवेश वाळत घातले. तो कोण, मला ठाऊक आहे. सांगत नाही.

हात ओळखणं हे माझं काम. बढाया मारणारा हात, घाबरलेला हात, घरी भांडून आलेला हात. तोंड खोटं बोलतं. तळव्याला ते जमत नाही.

केंद्राच्या शेवटच्या गड्याला सगळे खुंटा म्हणत. अंगाने पिंपासारखा. माझं टोक काखेखालून घ्यायचा, पाठीवरून दुसऱ्या खांद्यावर टाकायचा आणि टाचा रोवायचा. मग तो माणूस राहायचा नाही, जमिनीचा भाग व्हायचा. पुढचे सात सरकले तर चालतं, शेवटचा सरकला की संपलं. सात वर्षं ती जागा त्याची होती. आणि समोरचा बर्फवाल्यांचा म्होरक्या म्हणजे त्याचा सख्खा मेहुणा. नवरा इकडे, भाऊ तिकडे. खुंट्याची बायको मधोमध, माझ्या मध्याला बांधलेल्या लाल फडक्यासमोर उभी राहायची आणि दोघांनाही बोलायची.

त्या वर्षी सामन्याच्या आदल्या संध्याकाळी बंबाच्या ड्रायव्हरचा निरोप समारंभ होता, दारू आणि मासळीसकट. खुंटा काही दारुडा नव्हता. पण बसला की उठायचा सगळ्यांच्या शेवटी. तिथेही शेवटचा गडी.

सकाळी त्याचे डोळे बंबाच्या रंगाचे होते. मग उपाय सुरू झाले. काळी कॉफी झाली. लिंबू झालं. सोबत्यांनी त्याला पाण्याच्या नळीसमोर उभं करून धुतलं. तरी डोकं थांबलं का? ठणकत होतंच. तेव्हा त्याने स्वतःचं ज्ञान काढलं.

"घाम काढला की सगळी निघून जाते," तो म्हणाला आणि केंद्राभोवती चार फेऱ्या धावला.

विहीर आधीच आटलेली. त्यातून याने आणखी चार बादल्या उपसल्या.

पहिली ओढ आम्ही अकरा सेकंदांत मारली. खुंट्याने बायकोकडे असं पाहिलं की जणू डोंगर हलवला. दुसरी लांबली. त्याचं काळीज माझ्या पेडांवर घण घातल्यासारखं आपटत होतं. तळवे गार. ती गेली. तिसरीला त्याने चाळीस मोजेपर्यंत धरलं, मग पोटरीत गोळा आला आणि तो खाली बसला. पाठोपाठ त्याच्या पुढचे सातही जण एकावर एक पडले.

मेहुण्याने उठवायला हात दिला. "भावोजी, उन्हात बर्फ वितळतो असं ऐकलं होतं. आज बंब वितळला."

खुंट्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं. मेहुण्याच्या नव्या बुटांचं काय झालं ते सांगत नाही.

"माझ्या भावाचे बूट कोण धुणार?" बायकोने विचारलं.

"मी," खुंटा म्हणाला. आवाज मांजराचा.

दुपारी जमादारांनी त्याला बोलावलं. केंद्राचे मुख्य ते. "पुढच्या वर्षी शेवटच्या जागेवर आपला स्वयंपाकी."

"साहेब, पहिली ओढ मीच मारली ना?"

"मारलीस. ताकद कुठे जात नाही, दम जातो. आणि शेवटचा गडी ठेवायचा तो तिसऱ्या ओढीसाठी. तू केंद्राला एक ओढ देणं लागतोस."

खुंट्याच्या चेहऱ्याचा रंग उतरला. बूट धुतले तेव्हा उतरला नव्हता.

"दारूमुळे नाही झालं साहेब. तो मासा शिळा होता."

"मग सिद्ध कर. जागा तुझी."

सरावाच्या मनोऱ्यावर कप्पी होती. माझं एक टोक कप्पीवरून सोडून त्याला पाण्याचं पिंप बांधलं. दुसरं टोक खुंट्याच्या खांद्यावर. पिंप अधांतरी धरायचं, जमादार मोजतील. तीनदा. दर रविवारी. काही शनिवारी पिऊन, काही न पिता.

न पिता केलं तेव्हा पहिल्यांदा नव्वद मोजून झाले, दुसऱ्यांदा पंच्याऐंशी, तिसऱ्यांदा ऐंशी. पिऊन केलं त्या रविवारी पहिले नव्वद तसेच. खुंटा खूश. मग साठ. मग पस्तीस, आणि पिंप धाडकन खाली.

"पाणी जास्त भरलंय," तो म्हणाला.

काठी घालून मोजलं. तेवढंच होतं.

पुढच्या वेळी म्हणाला, "दोर ओला आहे."

मी खडखडीत कोरडा होतो. हा अपमान मी विसरलेलो नाही.

तिसऱ्या वेळी त्याने कुणावर ढकललं नाही. भिजलेल्या कपड्यांनी पिंपावर बसला आणि बराच वेळ विचार केला. त्याला त्याची सवय नव्हती, म्हणून वेळ लागला. "नव्वद येतात तेव्हा वाटतं सगळं ठीक आहे," तो स्वयंपाक्याला म्हणाला. "तिथेच फसतो माणूस."

"मग सोडणार?"

"सोडतो कशाला? गुरुवारी घेतली तर रविवारी तिसऱ्यांदाही ऐंशी भरतात. शुक्रवारपासून हात लावायचा नाही, एवढंच."

स्वयंपाकी हसला. त्याला ती जागा नकोच होती. त्याची कंबर दुखायची.

वर्ष गेलं. एप्रिलचा शेवटचा रविवार आला. खुंट्याची बायको सकाळीच लाल फडकं बांधायला आली आणि जमादारांना सांगू लागली, "काल दादा बाटली घेऊन आला होता. म्हणे, भावोजी, एकच घोट. हे म्हणाले, उद्या दुपारी आण. दोन आण."

"मग?"

"दादा बाटली उचलून गेला. जाताना मला म्हणतो, उद्या अवघड आहे."

जमादारांची मिशी हलली.

आता मी म्हातारा झालो आहे. केंद्रात नायलॉनचा आणला आहे, चकचकीत, घसरडा. मला भिंतीवर लावलंय, गणवेश वाळत घालायची कुणाची हिंमत नाही. माझी कुणाकडे तक्रार नाही. एकच सांगणं आहे. दोराला हात लावायला येणाऱ्याने आदल्या रात्री पाणी पिऊन वेळेवर झोपावं. पहिल्या ओढीवर भाळू नये. पुढचं सांगून झालं की मी बोलायचा थांबेन.

त्या रविवारी पहिली ओढ आम्ही हरलो. मेहुणा ओरडला, "भावोजी, आज तर शुद्धीवर हरताय." सगळं मैदान हसलं. खुंटाही हसला, टाचा वर न करता. दुसरी आम्ही मारली.

तिसरीला मी ताणला गेलो तो तसाच राहिलो. लाल फडकं बोटभर इकडे, बोटभर तिकडे. साठ. नव्वद. शंभरला बर्फवाल्यांच्या तळव्यांना घाम सुटला. खुंट्याचे तळवे कोरडे आणि गरम. त्याचं काळीज एका लयीत चाललं होतं, कामाला निघालेल्या माणसासारखं. एकशे वीस. पुढच्या सातांपैकी दोघे गुडघ्यावर आले. खुंटा जागचा हलला नाही. एकशे तिसाला मेहुण्याचा पाय घसरला, आणि मी आमच्या बाजूला आलो, हातभर, मग वावभर, मग सगळाच.

जमादारांनी शिट्टी मारली. खुंट्याजवळ आले, त्याच्या खांद्यावरून मला स्वतःच्या हाताने उतरवलं.

"ओढ फिटली," ते म्हणाले.