'हेमनाद'ची नक्कल

आमच्या ह्यांना संशय यायला कारण लागत नाही. दूधवाला जरा उशिरा आला, तर वाटेत कुठल्या नळाशी थांबला होता, हा पहिला प्रश्न. स्वभावाला औषध नाही म्हणून मी सोडून देत असे. पण ब्याण्णव साली ह्यांना खरोखरचं कारण सापडलं, आणि मग कारखान्यात कोणाला धड शिंकायची सोय राहिली नाही.

कारखाना अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत, पत्र्याच्या शेडमध्ये. ह्यांनी, म्हणजे हेमचंद्रांनी, रेडिओ कंपनीतली नोकरी सोडून त्याच्या दहा वर्षं आधी 'हेमनाद' सुरू केलं. आधी अ‍ॅम्प्लिफायर, मग इलेक्ट्रिक गिटार, मग बेस. गल्लोगल्ली ऑर्केस्ट्रा निघत होते आणि परदेशी वाद्यं फक्त पैसेवाल्यांच्या पोरांकडे असत. आमची गिटार दिसायला जरा ओबडधोबडच, मी काही खोटं बोलत नाही. पण अ‍ॅम्पचा आवाज असा गोल, भरलेला, की नाशिकहून लोक पत्ता विचारत यायचे. सगळी करामत एका सर्किटमध्ये होती. ते कोणी पाहू नये म्हणून त्यावर काळं रेझिन ओतायचे. आम्ही त्याला डांबरच म्हणायचो. फोडायला गेलं की आतले पार्टही फुटत.

हे डांबर ओतायचं काम किसन शेजवळचं. पहिल्या वर्षापासून आमच्याकडे. संध्याकाळी भीमगीतांच्या पार्टीत बेस वाजवायचा, तोही आमचाच बेस. कुठल्या कार्यक्रमात अ‍ॅम्प कसा वाजला ते दुसऱ्या दिवशी येऊन सांगायचा, आणि हे ते कान देऊन ऐकायचे.

एक दिवस कल्याणचा कोणी ऑर्केस्ट्रावाला आमचा म्हणून एक अ‍ॅम्प दुरुस्तीला घेऊन आला. वर नाव 'हेमनाद', आवाज हुबेहूब, पण आमचा नव्हे. ह्यांनी केबिनचं दार लावून तो उघडला. आत डांबराचा थेंब नाही आणि सर्किट मात्र जसंच्या तसं. कल्याणवाल्यानं तो उल्हासनगरच्या बाजारातून आणला होता. ह्यांनी तो परत जोडला आणि मलासुद्धा आत डोकावू दिलं नाही.

तेव्हापासून जाताना पिशव्या तपासणं सुरू झालं. जेवणाचे डबे उघडून बघायचे. शेवटी सगळ्यांना चहाला उभं करून हे म्हणाले, "डांबर पडायच्या आधी सर्किट एकाच्याच हातात असतं. किसन, उद्यापासून येऊ नकोस."

किसननं कप खाली ठेवला. "मी नाय केलं, साहेब," एवढंच म्हणाला आणि गेला.

धाकटे दीर मधूभावजी त्या दिवशी तिथेच होते. म्हणाले, "बरं केलंस, दादा. अशा लोकांवर विसंबू नये."

"अशा म्हणजे कशा?" मी विचारलं. भावजींनी बशीत तोंड घातलं.

माझं डोकं फिरलं होतं. वसाहतीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. चोर म्हणून काढलेल्या माणसाला दुसरा कुठला शेडवाला दारात उभं करणार? किसनच्या घरी खाणारी तोंडं होती, आणि त्याहून त्याला नावाची फार चाड. पण ह्यांना सांगणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी सरळ रिक्षा केली आणि उल्हासनगरच्या बाजारात गेले.

दुकानदार अगदी गोड बोलणारा. "ओरिजिनल माल है, दीदी," म्हणाला. मी आतून दाखव म्हटलं, तर त्यानं खुशाल चार स्क्रू काढले. ट्रान्सफॉर्मरजवळ रंगाचे दोन ठिपके होते. एक पिवळा, एक लाल. "ये देखो, पास होने का निशान. हर पीस में है."

मी दुसरा उघडायला लावला, तिसरा उघडायला लावला. प्रत्येकात पिवळा आणि लाल, त्याच जागी.

मला आधी हसू आलं आणि मग ओळख पटली. ती हळद आणि ते कुंकू मी माझ्या हातानं लावलं होतं. दसऱ्याला यंत्रांची पूजा करताना नव्या मॉडेलचा पहिला अ‍ॅम्प उघडाच पुढे ठेवला होता. नंतर डांबर ओतायची वेळ आली, तेव्हा हे म्हणाले, "कुंकवावर काळं ओतायचं? नको, राहू दे." तसाच बंद केला. किसन तेव्हा दीक्षाभूमीला गेला होता, दसऱ्याला तो दरवर्षी नागपुरातच असतो. तो परत यायच्या आत अ‍ॅम्प कारखान्यातून गेलाही होता. दसऱ्याच्याच संध्याकाळी मधूभावजी सोनं द्यायला आले आणि ह्यांनी तो कौतुकानं त्यांच्या गाडीत ठेवला.

तिथूनच मी बदलापूरला भावजींच्या घरी गेले. ते घरात नव्हते. माझी जाऊ वृंदा भोळी आहे. अ‍ॅम्प कुठे दिसत नाही, एवढंच मी विचारलं.

"तो का? तो तर दिवाळीतच ह्यांच्या उल्हासनगरच्या ओळखीतल्या माणसाला दिला, ताई. त्यातून ही स्कूटर आली ना," ती म्हणाली आणि चहा टाकायला आत गेली.

रात्री ह्यांना सगळं सांगितलं. हे मान खाली घालून ऐकत राहिले. आपलेच दात, आपलेच ओठ. सकाळी किसनला बोलावणं धाडलं, आणि चहाच्या वेळेला सगळ्यांसमोर म्हणाले, "थोडा गैरसमज झाला होता. किसन, कामाला लाग."

किसन हलला नाही. "साहेब, माझं नाव सगळ्यांसमोर घेतलंत. आता ज्याचं हाय, त्याचंपण घ्या."

ह्यांनी चहाचा कप उचलला आणि तसाच परत ठेवला. मला त्यांची कीव आली, पण किसनकडे पाहिल्यावर राग जास्त आला. मीच पुढे झाले.

"अ‍ॅम्प मधूभावजींनी विकला," मी म्हटलं. "आमच्या घरातून गेला. किसनचा काडीचा संबंध नाही."

किसननं माझ्याकडे पाहून मान हलवली, बाही वर केली आणि रेझिनचा डबा उघडला. मला फार बरं वाटलं.

घरी जेवताना ह्यांनी विचारलं, "त्या अ‍ॅम्पमध्ये डांबर नाही, हे तुला माहीत होतं?"

"तुम्हीच नको म्हणालात की. मी शेजारीच उभी होते."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"तुम्ही मला आत बघू दिलंत कुठे?"

हे ताटावरून उठले. सर्किटचे नकाशे ठेवायच्या कपाटाची किल्ली आधी माझ्याकडे असायची, त्या दिवसापासून ती ते स्वतःजवळ ठेवतात. आंघोळीला जातानाही घेऊन जातात.