कुमने बसवलेली शेगडी

"परत काळी! सकाळी पुसली, दुपारी परत काळी. काच आहे की कोळशाची वखार?"

स्लाव्हित्सा माझ्यापुढे उकिडवी बसून काच पुसत होती आणि मला एकटीलाच ऐकू जाईल इतक्या हळू पुटपुटत होती. "धूर घरातून बाहेर जायचा असतो, एवढं तर कोंबडीलाही कळतं. पण बोलायचं कुणी? बोललं की कुमला राग."

मित्रांनो, मी एक जुनी शेगडी आहे. मला चूल समजू नका, बंब तर मुळीच समजू नका. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, बोटाच्या पेराएवढ्या कांड्या मी खाते. डोक्यावरच्या कोठीत त्या ओतायच्या. आतलं मळसूत्र त्या थोड्या थोड्या खाली सोडतं, पंखा हवा देतो आणि माझ्या काचेमागे पिवळीधमक ज्योत नाचू लागते. धुरासाठी मागे एक तोंड आहे. पुढून ऊब द्यायची, मागून धूर सोडायचा, एवढाच माझा धर्म. तो पाळू दिला तर माझ्यासारखी गुणी मीच.

माझा जन्म इटलीतला. कारखान्यात मला पेटवून बघणाऱ्या बाईने माझ्या पाठीवर थाप मारली होती आणि म्हणाली होती, "ही शहाणी निघणार." पहिलं घर एका म्हाताऱ्या शिंपिणीचं मिळालं. तिथे मला बसवायला आलेल्या माणसाने आधी भिंत ठोकून पाहिली, मग छत पाहिलं, मग चहा नको म्हणाला. माझ्या पायाखाली पत्रा अंथरला, पडद्यांपासून मला लांब ठेवलं. धुराची नळी सरळ छपराच्या वर नेली, प्रत्येक सांध्याला रबराचं कडं घातलं आणि बाहेरची हवा यायला भिंतीत एक जाळीचं भोक ठेवलं. दर शरद ऋतूत नळी साफ व्हायची. तिथली वर्षं इतकी सुखाची गेली की सांगण्यासारखं काही घडलंच नाही.

शिंपीण गेली. तिच्या पुतण्याने मला विकायला काढलं आणि तिथे बांधकामावर राबणाऱ्या ओब्रादने मला त्याच्या गाडीत घालून सर्बियात, डॅन्यूबकाठच्या या गावात आणलं. आणलं कुणासाठी? स्लाव्हित्साच्या नवऱ्यासाठी, व्लादेतासाठी. ओब्राद हा व्लादेताचा कुम.

कुम म्हणजे नुसता मित्र नव्हे. लग्नात शेजारी उभा राहतो तो कुम. पुढे मूल झालं की चर्चमध्ये त्याला हातावर घेतो, त्याचं नाव ठेवतो तोही कुमच. व्लादेताच्या पोरीचं कालिना हे नाव ओब्रादनेच ठेवलेलं. रक्ताचा नसतो, पण सख्ख्या भावाच्या वरची खुर्ची त्याची. हाक मात्र दोन्हीकडून एकच: पुरुषाला कुम, बाईला कुमा. वर देव, खाली कुम, असं इथे म्हणतात. देवाशी लोक अधूनमधून भांडतात तरी.

"कारागीर बोलवायचा?" व्लादेताने भीत भीत विचारलं होतं.

"मी मेलोय का?" ओब्राद म्हणाला. "अख्ख्या इमारती उभ्या केल्यात मी. हे काय, एक डबा!"

डबा! माझं माहितीपुस्तक त्याने माझ्याच पायाखाली सरकवलं, मी डुगडुगत होते म्हणून. घराला चांगली विटांची चिमणी होती. तिच्यात नळी सोडायची तर दोन दिवसांचं काम. "चिमणी कशाला? हिच्यात पंखा आहे, फुंकर मारून धूर बाहेर टाकते," म्हणाला आणि नळी आडवी, भिंतीतून सरळ बाहेर काढली. तीही जुन्या चुलीची, सांध्यांना चिकटपट्टी गुंडाळलेली. आणि भिंत कुठली? कोशावा येऊन थडकतो ती! हा इथला वारा. सुटला की तीन-तीन दिवस छपरं हलवतो. मी धूर बाहेर टाकायचा आणि कोशावाने तो परत माझ्या घशात कोंबायचा.

राहिलं हवेचं भोक. ओब्राद ते पाडायला निघाला होता हे खरं. पण व्लादेताची आई, देसांका, आडवी आली. "भिंतीला भोक? थंडीत? वाऱ्याच्या झोतानेच माझ्या नवऱ्याची मान धरली, ती शेवटपर्यंत सुटली नाही!"

"तू म्हणशील तसं, कुमा," म्हणत ओब्रादने हत्यारं गुंडाळली आणि जेवायला बसला.

मित्रांनो, मी ओरडले नाही असं समजू नका. धूर कोंडला की विझायचं आणि बोंब मारायची, अशी माझी घडणच आहे. कोशावा सुटला की कपाळावर लाल अक्षरं उमटवून मी किंचाळायचे. मग व्लादेता कुमला फोन करायचा. शेवटी ओब्राद आला, माझ्या पाठीत पेचकस घातला आणि दोन वायरी एकमेकींना जोडल्या. "इटालियन आहे, नाटकी आहे," म्हणाला. "आता गप्प बसेल." बसले. जीभच कापल्यावर काय करणार?

घरातल्या प्रत्येकाला कळत होतं आणि प्रत्येकजण दुसऱ्याच कुणाला तरी दोष देत होता. कांड्या ओल्या आहेत. हवामान बदललंय. कालिनाचं डोकं दुखतं, कारण ती ओल्या केसांनी फिरते. पोर शाळेत गेली की ठणठणीत, घरी येऊन माझ्याजवळच्या कोचावर अभ्यासाला बसली की कपाळ धरायची. जळताना मला हवा पुरली नाही की माझ्या पोटात एक वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला तो झोपवतो आणि उठू देत नाही. हे मला ठाऊक होतं, आणि मी तिच्याकडे बघत जळत होते. याहून वाईट नोकरी कुठली असेल?

मग डिसेंबरात घराण्याच्या संताचा सण आला, स्लावा. उपासाचा दिवस, म्हणजे इथे मटण आणि दूध वर्ज्य, म्हणून मासे, भाजलेला घेवडा, गव्हाचं गोड आणि राकिया, म्हणजे फळांची घरगुती दारू. टेबलाच्या मुख्य खुर्चीवर कुम. बाहेर कोशावा, आत सगळ्या खिडक्या घट्ट, आणि मी पूर्ण जोरात.

"डोकं जड झालंय बुवा," एक शेजारी म्हणाला.

"माझंही. राकिया कुणाची आहे ही?"

"माझी," ओब्राद म्हणाला. "आणि माझ्या राकियाने डोकं धरत नाही, सुटतं."

सगळे हसले. कालिना गव्हाची वाटी घेऊन त्याच्याकडेच येत होती. वाटी आधी पडली, मग ती.

"उपाशी असेल!" कुणीतरी म्हणालं. स्लाव्हित्साने पोरीला उचललं आणि लाथेने दार उघडून अंगणात नेलं. व्लादेताने माझी वायर उपटली, खिडक्या सताड उघडल्या आणि दवाखान्याच्या गाडीला फोन लावला. पाहुणे लटपटत बाहेर गेले. त्या वाऱ्यात कोट न घालता सगळे उभे होते आणि झोत लागेल असं कुणीही म्हणालं नाही.

मित्रांनो, विझता विझता एवढंच सांगते. ज्या घरात काही जळतं, त्या घरात धुराला जायला आणि हवेला यायला वाट ठेवा. आणि आम्ही ओरडलो तर आमचं तोंड बंद करू नका, कारण शोधा. आम्हाला लाड नकोत. नीट बसवा, वर्षातून एकदा साफ करा, पुरे.

उघड्या खिडकीतून मला अंगण दिसत होतं. कालिनाने डोळे उघडले, आईच्या झग्यावर ओकली आणि रडू लागली. इतका गोड आवाज मी कधी ऐकला नव्हता.

ओब्रादचा चेहरा पांढराफटक पडला होता. "शेगडीच बोगस," तो म्हणाला. "फसवलं मला त्या पुतण्याने. कुम, काळजी करू नकोस. उद्याच दुसरी आणतो. मी स्वतः बसवून देतो."

व्लादेता जमिनीकडे बघू लागला. शेजारी आभाळाकडे. स्लाव्हित्सा झगा पुसू लागली.

देसांकाने नातीच्या अंगावर आपली शाल घातली आणि सरळ उभी राहिली.

"नको," ती म्हणाली. "मी भोक नको म्हटलं आणि तू ऐकलंस. काम येणाऱ्या माणसाने मला गप्प बस म्हटलं असतं. शेगडी चांगली आहे, कुम. तुला ती बसवता येत नाही."